हायसा न्हवं?

पंधरा. हा आकडा मीच टाइप केला,
उद्यमनगरात, खालच्या लेथच्या आवाजात,
चहाचा कप कीबोर्डपासून लांब सरकवून.
पंधरा मिनिटं हात हलला नाही
तर माणूस गेला असं समजावं,
दार ओढून घ्यावं,
पुन्हा आला तर पासवर्ड विचारावा
जणू आधी कधी पाहिलाच नव्हता.

कारण होतं. मार्केट यार्डात, एका अडत दुकानात,
भूपाल मगदूम सौद्याला उठले
आणि त्यांच्या उघड्या खात्यावर कुणीतरी बसलं.
अडतीस रव्यांचा दर
क्विंटलमागं चाळीसनं उतरला.
कुणी, ते कळलं नाही. खुर्ची गरम होती एवढंच.
नोंदीत नाव मगदूमांचं.
बत्तीस वर्षं नोकरी, आणि त्या दिवशी
डबा न उघडताच ते घरी गेले.

म्हणून पंधरा.

सोमवारी फोन.
"मुजावर मॅडम, तुमचं यंत्र मला भाईर काढतंय.
मी हितंच हुतो की!"
म्हटलं, काका, तुम्ही काही केलं नसणार.
"केलं न्हाई कसं? बगत हुतो."

बघत होते.
बघण्याची नोंद माझ्याकडं होत नाही.
सर्व्हरपर्यंत डोळे पोचत नाहीत, बोटं पोचतात.

गेले मग. भिंतीलगत रव्यांची थप्पी,
तिच्यावर मधमाश्या, त्यांना कुणी हाकलत नव्हतं.
मगदूमांनी एका रव्याची कड मोडली,
जिभेवर ठेवली, डोळे मिटले,
आणि येऊन स्क्रीनसमोर बसले
दोन्ही हात वर धरून,
ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखे.
दहाही बोटांना गूळ.
"पैलं रुमालाखाली बोटं बोलायची," ते म्हणाले,
"कुणाला दिसायची न्हाईत.
आता तुमच्या मशिनीला दावाय लागत्यात."
मग गप्प. ओठ हलत राहिले,
वजनाला वजन, दराला दर.
चौदावं मिनिट. मी घड्याळाकडं बघत होते.
पंधरावं.
पडदा पांढरा झाला.
अख्ख्या दुकानात सगळ्यात कामात असलेला माणूस
माझ्या हिशेबात निघून गेला होता.

रात्री घरी, लॅपटॉप मांडीवर, तीच ओळ.
तीस करू? खुर्ची गरम करणारा टपलेला असेल.
पंधराच ठेवू?
भाकरी थापायचा आवाज मधेच थांबला.
"रेहाना, हायस न्हवं?"
चाळीस मिनिटं मी शब्द बोलले नव्हते.
"हाय," म्हटलं.
थापणं परत सुरू झालं.

तेवढंच.

आता तेराव्या मिनिटाला एक पाटी येते.
"आपले सत्र समाप्त होत आहे"
हे साहेबांनी पास केलेलं वाक्य मी खोडलं,
वाचून वाटायचं कुणीतरी वारलंय.
मोठ्या अक्षरांत लिहिलं: हायसा न्हवं?
कुठलीही कळ दाबा, चालतं.
दोन मिनिटं वाट बघायची, मग दार.

तो दुसराही दाबू शकतो कळ, दोन मिनिटांत पोचला तर.
मला माहीत आहे.
आईलाही कुणी आतून खोटं "हाय" म्हणू शकतं.
तरी ती विचारतेच.

आणखी एक केलं, न विचारता.
"बाहेर पडा" हे बटण वर्षभर कुणी दाबलं नव्हतं.
इथं उंबऱ्यावर अर्धा तास उभं राहून
कुणी जातो म्हणतं का कधी?
बटणावर लिहिलं: येतो.
संध्याकाळी सातच्या सुमाराला
दाबतात आता, एकेक करून.

आणि मगदूमांच्या खात्यावर, सौद्याच्या दिवशी,
माझ्याकडं नोंद येते:
अकरा तेरा. एक कळ. स्पेस.
म्हणजे एक रिकामी जागा.
कोपरानं दाबलेली,
हे त्या नोंदीत कुठं लिहिलेलं नसतं.